तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं इंजिन टाकू?

"एक सरळ उत्तर द्यायला काय जातं हो तुमचं?" असं परवा एकाने तोंडावरच विचारलं. प्रश्न नेहमीचाच होता. अ‍ॅरोबॅटिक मॉडेल, म्हणजे रिमोटवर कसरती करणारं छोटं विमान, होत आलंय, इंजिन कुठलं टाकू. आणि मी नेहमीप्रमाणे उलट विचारत बसलो, की सगळं धरून वजन किती होणारे, टाकी कुठे बसतेय, फायरवॉल (इंजिन जिच्यावर बसतं ती पुढची भिंत) चिकटवलीय का अजून सुटी आहे. तो वैतागला. वैतागणारच, कारण त्याला एक नंबर हवा होता आणि मी त्याची तोंडी परीक्षा घेत होतो. माझ्या पाठीमागे लोक म्हणतात की हा भाव खातो, हेही माझ्या कानावर आलंय.

तर सांगतोच एकदा. मी सरळ उत्तर देऊ शकतो. एकदा दिलं होतं.

आधी तेव्हाचा मी कसा होतो ते सांगतो. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "पॉवर कधी जास्त होत नाही, थ्रॉटल आहे ना आपल्या हातात". हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता आठवलं तरी कानकोंडं होतं. अर्थात ते पूर्ण चूक नव्हतं, हे आजही म्हणेन. कमी पॉवरचं प्लेन उडवलेल्या माणसाला विचारा. लूपच्या माथ्यावर प्लेन लटकतं, वर जाणारी सरळ रेघ अर्ध्यात वाकते, स्टॉल टर्न (वर जाऊन माथ्यावर वळायची फिगर) घ्यायच्या आधीच स्टॉल होतो, म्हणजे स्पीड संपून विंगची उचल जाते, आणि प्रत्येक फिगरच्या आधी डाइव्ह मारून स्पीड गोळा करायचा म्हणजे अ‍ॅरोबॅटिक्स कमी आणि घसरगुंडी जास्त. त्यामुळे मोठं इंजिन टाक म्हणणारा मी मूर्ख नव्हतो. फक्त थ्रॉटल मागे घेतल्यावर पॉवर कमी होते आणि वजन तेवढंच राहतं, हे त्या वाक्यात नव्हतं.

एक पोरगा होता, मला दादा म्हणायचा. चौदा महिने खपून त्याने ६० साइझचं (म्हणजे ०.६० घनइंच इंजिनाच्या मापाचं) लो-विंग पॅटर्न प्लेन, ठरलेल्या फिगर उडवायचं, बांधलं होतं, प्लॅनवरून, बाल्सा कापून, किट नाही. प्लॅनवर स्वच्छ लिहिलेलं, १० सीसी टू-स्ट्रोक, म्हणजे आपण ज्याला ६१ म्हणतो ते. वजन ३.२ किलोच्या आसपास यायचं होतं. तो म्हणाला, दादा, ६१ घेऊ का? मी म्हटलं छे, १२० फोर-स्ट्रोक टाक, २० सीसी. का, तर फोर-स्ट्रोक मोठा प्रॉप (पंखा) कमी आरपीएमवर फिरवतो आणि अ‍ॅरोबॅटिक्सला तेच हवं असतं. हिशोब पण करून दिला त्याला. ६ इंच पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा पुढे सरकणारा, प्रॉप १३,००० आरपीएमवर म्हणजे कागदावर ताशी ११९ किलोमीटर, ८ इंच पिचचा ९,००० वर म्हणजे ११०, स्पीडमध्ये फारसा फरक नाही, पण १५ इंची प्रॉपची थाळी समोर फिरत असेल तर वर जाताना ओढ राहते आणि खाली येताना थ्रॉटल मागे घेतला की तीच थाळी ब्रेकचं काम करते, प्लेन सुसाट सुटत नाही. हे सगळं बरोबर आहे. आजही बरोबर आहे. ते त्या प्लेनसाठी बरोबर होतं का, हा प्रश्न मी विचारला नाही, आणि तो का विचारेल, दादांनी सांगितलंय म्हटल्यावर.

इंजिन आलं. ६१ पेक्षा सव्वादोनशे ग्रॅम जड. शिवाय मोठा प्रॉप, जाडजूड माउंट, मोठी टाकी. नाक जड झालं म्हणून बॅटरी पार मागे ढकलली, तरी सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, जागेवर येईना म्हणून शेपटीत शिसं. मग लँडिंग गिअर वाकेल असं वाटलं म्हणून जाड तार. ग्रॅम ग्रॅम करत प्लेन ३.९ किलोवर गेलं. विंग तेवढाच, ४५ चौरस डेसिमीटर. म्हणजे लोडिंग, चौरस डेसिमीटरमागचं वजन, ७१ वरून जवळपास ८७ ग्रॅमवर, आणि स्टॉल स्पीड १० टक्के वर. १० टक्के ऐकायला काहीच वाटत नाही.

आणि टाकी. काउल (नाकावरचं झाकण) बसावं म्हणून इंजिन उलटं लावलं, सिलिंडर खाली. टाकीचा कप्पा प्लॅनप्रमाणे आधीच चिकटवून झालेला. टाकीचा मध्य आणि कार्बोरेटरचा जेट साधारण एका रेषेत असावेत हे आपण सगळेच बडबडतो, इथे टाकी दोनेक सेंटिमीटर वर राहिली. त्याने मला दाखवलं होतं. तो म्हणाला, दादा हे चालेल ना? मी म्हटलं, चालतं रे, मफलरचं प्रेशर आहे इंधन ढकलायला.

पहिली फ्लाइट मी घेतली, कारण त्याचे हात थरथरत होते. इंजिन चालू, नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) सेट, नाक आकाशाकडे धरून फुल थ्रॉटल, आवाज किंचित चढला, पडला नाही. म्हणजे पास. फ्लाइट छान झाली, ट्रिमचे दोन-चार क्लिक, दोन लूप, एक रोल, लँडिंग. फक्त इंजिन जरा रिच, म्हणजे इंधन जास्त मिळत असल्यासारखं, वाटत होतं, मागे धुराची दाट रेघ, आवाजात ओलेपणा. खाली आल्यावर मी नीडल दोन क्लिक बंद केलं. दोन क्लिक.

ते रिच का वाटत होतं हे तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. टाकी वर होती, सरळ उडताना इंधन आपसूक खाली उतरत होतं. उलटं उडताना तीच टाकी कार्बोरेटरच्या खाली जाणार आणि इंजिनाला इंधन ओढून घ्यावं लागणार. सरळ असताना जे रिच, ते उलटं असताना लीन, म्हणजे इंधन कमी. मी सरळ ऐकून क्लिक बंद केले. आणि नाक वर धरून बघायची चाचणी मी केली होती ती पहिल्या फ्लाइटच्या आधी. त्या दोन क्लिकनंतर केली नाही. पोरगं शेजारी उभं होतं, खुशीत होतं, म्हणालं, दादा उलटं उडवून दाखवा ना.

दुसरी फ्लाइट. टेकऑफ, एक चक्कर, अर्धा रोल आणि आमच्या समोरून लांबलचक इन्व्हर्टेड पास. इंजिनाचा आवाज कडक आणि कोरडा झाला, आणि मला तो आवडला. हे खरं सांगतोय. मला वाटलं आत्ता कुठे इंजिन गायला लागलं. पासच्या शेवटी स्टिक पुढे ढकलून सरळ वर घेतलं, प्लेन चढलं, चढलं, आणि माथ्यावर आवाजच गेला. फट् नाही, खोकला नाही, नुसती शांतता. अंदाजे ७०-८० मीटर उंची, प्लेन आमच्यापासून लांब, वारा आमच्याकडून तिकडे.

सगळ्या नवशिक्यांना मी जे ओरडून सांगतो, डेडस्टिक झालं, म्हणजे हवेत इंजिन बंद पडलं, की नाक खाली, स्पीड ठेव, रनवेचा मोह नको, समोर जे येईल तिथे उतरव, ते मला सगळं त्या क्षणी पाठ होतं. समोर उंच गवत होतं. गवतात उतरवलं असतं तर लँडिंग गिअर गेला असता, प्रॉप गेला असता. पण चौदा महिन्यांचं प्लेन गवतात कसं घालू म्हणून मी वळवलं. नाक खाली घातलंच होतं मी, पण ते ३.२ किलोच्या प्लेनसाठी पुरेल इतकं. वाऱ्याविरुद्ध परत येताना प्लेन बसत चाललं, रनवे हातभर लांब राहतोय असं दिसलं आणि मी एलेव्हेटर ओढला. अगदी थोडा. डावा विंग पडला, अर्धा फेरा फिरलं, आणि नाकावर.

सगळं मिळून दहाएक सेकंद असतील.

आम्ही चालत गेलो. मी काहीतरी बोलत होतो, काय ते आठवत नाही. त्याने खाली बसून रडरला हात लावला आणि मला म्हणाला, दादा, स्टिक हलवा जरा. मी हलवली. तो म्हणाला, सर्व्हो सगळे चालतायत.

मग मी इंजिनाचा ग्लो प्लग काढला, इंधन पेटवतो तो. फिलामेंट तुटलेलं. आणि मला काय सुटल्यासारखं झालं म्हणून सांगू! बघ, म्हटलं, प्लग गेला, प्लग कुणाचाही जातो, नशीब. त्याने मान हलवली. पुढे दोन-तीन वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना अशीच सांगत होतो, प्लग गेला म्हणून. तुमच्यापैकी काहींनी तशीच ऐकलीय माझ्याकडून.

इंजिन त्याने मलाच देऊन टाकलं, नको म्हणाला. ते बरेच दिवस पडून होतं. एकदा स्टँडवर लावलं, नीडल अंदाजे त्याच जागी, आणि टाकी आधी दोन सेंटिमीटर वर ठेवून चालवली, मग दोन सेंटिमीटर खाली. वर असताना तोच ओला आवाज. खाली घेतल्यावर तोच कोरडा कडक आवाज, आणि अर्ध्या मिनिटाने आरपीएम पडायला लागला. पण बंद पडलं नाही. हेच मला छळतं. आता कुणी म्हणेल की सरळ वर जाताना टाकीची वर-खाली उंची मोजायचीच नसते, तिथे टाकी इंजिनापासून किती मागे आहे ते मोजायचं, इंधनाला वीसेक सेंटिमीटर चढायचं असतं, आणि उलट्या पासमध्ये लीन चालून आधीच तापलेलं इंजिन तिथे मेलं. असेल. किंवा लीन चालल्यामुळे प्लग गेला. किंवा प्लग खरंच नुसता गेला आणि बाकी सगळं मी मागाहून जुळवतोय. आणि इंजिन मेल्यावर प्लेन का मेलं, ते तर इंजिनाशी निगडित नाहीच, तिथे वजन होतं आणि माझा हात होता.

यावर लगेच "इलेक्ट्रिक घ्या, कटकट नाही" म्हणणारे येतील, येऊ देत. एफ३ए, म्हणजे या कसरतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, वरच्या पातळीवर बहुतेक जण इलेक्ट्रिकच उडवतात आणि त्याला कारणं आहेत. उलटं असो सुलटं असो मोटरला फरक पडत नाही, इंधन संपत जाताना सीजी सरकत नाही, खाली येताना ब्रेक सेट करता येतो. मी पण उडवतो. पण वजन तिथेही पाठ सोडत नाही. त्याच स्पर्धेत २ मीटर आणि ५ किलोची मर्यादा, त्यात इलेक्ट्रिक प्लेन बॅटरीसकट तोलायचं आणि इंधनवालं टाकी रिकामी ठेवून, म्हणजे बॅटरीचा ग्रॅम न ग्रॅम जागा मागतो. साध्या स्पोर्ट अ‍ॅरोबॅटिक्सला किलोमागे तीनशे वॉट धरा, थ्रीडीला (प्रॉपवर लटकून उडवायच्या प्रकाराला) साडेचारशेच्या आसपास, पण कुठल्या किलोमागे? इथे परत मी तुम्हाला वजन विचारणार आणि तुम्ही परत चिडणार. पेट्रोलवाल्यांचं एक बरं, त्यांच्या कार्बोरेटरमध्येच डायफ्रामचा पंप असतो, टाकी कुठेही ठेवा फारसं बिघडत नाही, पण ती व्हायब्रेशन आणि ते वजन पेलायला प्लेन तेवढं मोठं लागतं. ६० साइझमध्ये त्या भानगडीत पडू नका.

तो पोरगा नंतर फोमची छोटी प्लेन उडवायला लागला. चांगली उडवतो, माझ्यापेक्षा चांगली. मला कधी एका शब्दाने बोलला नाही, आणि मीही टाकीचं ते स्टँडवरचं त्याला सांगितलेलं नाही. परवा ज्याने मला तोंडावर विचारलं ना, एक सरळ उत्तर द्यायला काय जातं, तो तोच. परत बाल्सा कापतोय. परत ६० साइझ.

तर घे सरळ उत्तर. प्लॅनवर १० सीसी लिहिलंय, १० सीसी टाक. टाकीचा कप्पा इंजिन फायरवॉलला लावून बघितल्याशिवाय चिकटवू नकोस. नीडलला हात लावलास की दर वेळी, दर वेळी नाक वर धरून बघ. आणि पहिली फ्लाइट तू घे. हात थरथरले तरी तूच घे, मी शेजारी उभा राहतो.