वरमाईचा लाल दिवा

मार्गशीर्षात मुलाचे लग्न आहे. मुहूर्त आषाढातच ठरला आणि त्यानंतर घरात जी खरेदी सुरू झाली, तीत पैठणी, मानपानाच्या साड्या आणि आहेराची भांडी यांच्याबरोबर एक एलईडी मास्कही आला, म्हणजे आतल्या बारीक दिव्यांचा उजेड त्वचेवर पाडणारा, चेहऱ्याला बांधायचा मुखवटा. तो नवरीसाठी नव्हता, माझ्यासाठी होता. वरमाईने लग्नाआधी चेहऱ्याची काही तयारी करावी, याची आमच्या पार्ल्यातल्या नातेवाइकांपैकी काहींना गंमत वाटली. परंतु हल्ली लग्नाचे फोटो इतक्या जवळून आणि इतक्या प्रखर उजेडात काढले जातात की नवरीइतका नसला, तरी थोडा विचार वरमाईनेही करायला हरकत नाही. मी वर्षानुवर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले असल्यामुळे खोक्यावरच्या हसऱ्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या तरंगलांबीकडे माझे लक्ष आधी गेले, इतकेच.

हा दिवा लग्नाच्या आठवड्यात काही कामाचा नाही, हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे. त्वचेचा वरचा थर पूर्ण बदलायला तरुणपणी साधारण महिना लागतो आणि वय वाढते तसा हा काळ लांबतो. त्याखाली नवे कोलेजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, तयार होण्याचे काम तर आणखी सावकाश चालते. लाल प्रकाशाचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत फरक मोजण्याआधी बहुधा आठ ते बारा आठवडे जाऊ दिलेले असतात. तेव्हा मार्गशीर्षातल्या लग्नासाठी श्रावणात सुरुवात करणे हाच हिशेब बरोबर होता. ‘लग्नाच्या आदल्या दिवशी एक सिटिंग’ म्हणून पार्लरमध्ये जे विकले जाते, त्याने पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडायला मिळते. लग्नघरात तेही कमी नाही, पण त्वचेच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही.

प्रकाशाने त्वचेत काही घडते ही कल्पना जाहिरातवाल्यांची नव्हे. बुडापेस्टचे डॉक्टर एन्द्रे मेस्टर यांनी १९६७ साली उंदरांच्या हजामत केलेल्या पाठीवर कमी शक्तीचा लाल लेसर टाकला, तेव्हा तिथले केस लवकर उगवलेले त्यांना आढळले आणि पुढे जखमा भरण्यावरही त्यांनी काम केले. नंतर अमेरिकेच्या ‘नासा’ने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी एलईडी दिवे वापरले आणि त्याच दिव्यांचा जखमांवर काय परिणाम होतो, हे १९९० च्या दशकात तपासले गेले. आज दिले जाणारे प्रचलित स्पष्टीकरण असे की ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ८३० च्या आसपासचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियामधले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) शोषून घेते, त्यामुळे पेशीला ऊर्जा अधिक मिळते, दाह कमी होतो आणि कोलेजन बनवणाऱ्या पेशी जाग्या होतात. या प्रकाशात अतिनील किरण नसतात, त्यामुळे उन्हासारखा रापही येत नाही. मात्र त्याने कुणी गोरेही होत नाही. ही अपेक्षा ज्यांच्या मनात असेल त्यांनी ते पैसे हॉलच्या जेवणात घालावेत.

आमच्या कोपऱ्यावरच्या पार्लरमधली मुलगी मोठ्या उत्साहाने सांगत होती, “मॅडम, ह्यात सात कलर आहेत, जांभळा टॅनिंगला, हिरवा ग्लोसाठी.” तिच्या हातातला मास्क मी उलटा करून पाहिला. आतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीनच दिवे होते आणि जांभळा म्हणजे त्यातले लाल आणि निळा एकाच वेळी लागलेले. अभ्यासाचे पाठबळ मुख्यतः निळ्याला, लालला आणि अवरक्ताला आहे. बाकीचे रंग दिवाळीच्या माळेत अधिक शोभतात. अवरक्त प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तो खरोखर आहे की नुसता छापला आहे, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत मास्क सुरू करून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावे. आपल्याला विझलेले वाटणारे ठिपके पडद्यावर बहुधा फिकट जांभळे दिसतात. टीव्हीच्या रिमोटचे पुढचे टोकही असेच दिसते.

निळ्या रंगाचा प्रश्न माझ्या होणाऱ्या सुनेमुळे निघाला. तिला हनुवटीवर अधूनमधून मुरुम येतात आणि कुणी तरी तिला निळा प्रकाश सुचवला होता. “काकू, निळा घेऊ का? मुरुमांवर चालतो म्हणतात,” असा तिचा फोन आला. चालतो, यात शंका नाही. मुरुमांशी संबंधित जिवाणू पोर्फिरिन नावाची द्रव्ये बनवतात, ती ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषतात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजनने तो जिवाणूच मरतो. परंतु हाच प्रकाश गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतील रंगपेशींना चेतवतो आणि त्याने पडलेला काळपटपणा कित्येक आठवडे टिकू शकतो, हे प्रयोगांत दिसले आहे. मास्कची परदेशी माहितीपत्रके वाचताना हे सहज नजरेतून सुटते, कारण ती बहुतेक गोऱ्या कातडीच्या गिऱ्हाइकांना समोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्याकडे मुरुम गेल्यावर मागे राहणारा डाग हीच खरी डोकेदुखी असते, आणि ज्यांना वांग आहे त्यांनी तर निळ्याच्या वाटेला जाऊच नये. मी तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगितले. तिथे तिला लावायचे मलम मिळाले आणि दिव्यावाचून काम भागले.

निळ्या दिव्याशी आमच्या घराची ओळख तशी जुनी आहे. हाच नवरदेव जन्मला तेव्हा त्याला कावीळ झाली होती आणि प्रसूतिगृहात त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडाखाली ठेवले होते. तो निळा वेगळ्या तरंगलांबीचा, काम वेगळे, काविळीत साचणाऱ्या पिवळ्या बिलिरुबिनचे रूप बदलणारे. पण डोळे झाकायचा नियम दोन्हीकडे सारखाच. २०१९ साली एका अमेरिकन कंपनीने मुरुमांसाठीचा आपला प्रकाशाचा मास्क डोळ्यांच्या काही विकारांत धोका संभवतो म्हणून बाजारातून मागे घेतला होता. डोळ्यांवरच्या वाट्या त्रासदायक वाटल्या तरी मी त्या काढत नाही.

मात्रेचा हिशेब नववीतल्या मुलालाही जमेल असा आहे. दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट शक्ती पडत असेल, तर १० मिनिटांत १८ ज्यूल ऊर्जा मिळते. शक्तीचा आकडा न देता नुसती दिव्यांची संख्या सांगणारा मास्क घेऊ नये, कारण संख्येवरून काहीच कळत नाही. आणि दहा मिनिटांनी बरे वाटते म्हणून चाळीस मिनिटे बसण्यातही शहाणपण नाही. ठरावीक मात्रेपलीकडे गेल्यावर परिणाम वाढण्याऐवजी घटतो, असे या प्रकाशाच्या बाबतीत वारंवार आढळले आहे. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, माहितीपत्रकात दिलेली मिनिटे, एवढेच पुरते.

मुंबईच्या हवेत मात्र ही दहा मिनिटेही लांब वाटतात. सिलिकॉनचा मास्क गालाला चिकटतो, ऑक्टोबरच्या उकाड्यात वरच्या ओठावर घाम साचतो आणि पट्टा सोडल्यावर कानामागे वळ उठलेला असतो. त्यामुळे मी रात्री चेहरा नुसता धुऊन, कोरडा करून, पंखा पूर्ण वेगात लावून बसते. चेहऱ्यावर क्रीम वा सनस्क्रीनचा थर ठेवत नाही, कारण त्याने प्रकाश अडतो. रेटिनॉलचे (सुरकुत्यांवरचे) क्रीम लावायचे असेल तर ते वेगळ्या रात्री. मास्क आतून ओल्या फडक्याने पुसला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. “घरात फोटो धुवायची खोली केलीस का?” असे आमच्या ह्यांनी पहिल्या रात्री विचारले होते, आता ते त्याच लाल उजेडात निमंत्रणांची यादी तपासतात.

फरक किती पडला? गालांवर उठणारी लाली कमी झाली आहे आणि मेकअपची चाचणी घ्यायला आलेल्या मुलीला त्वचा हाताला अधिक मऊ लागली. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा किंचित निवळल्या असाव्यात. वांग मात्र जिथे होता तिथेच आहे आणि तो लाल दिव्याने जाणारही नव्हता. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, रंगाची छटा असलेले सनस्क्रीन रोज लावणे जास्त उपयोगाचे, कारण साधे सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही.

हळदीच्या आदल्या दिवसापासून मास्क बंद. हळदीतला कर्क्युमिन हा निळ्या प्रकाशाने क्रियाशील होणारा पदार्थ आहे. पिवळ्या चेहऱ्याने निळ्या दिव्याखाली बसण्याचा प्रयोग नवरीने तरी करू नये. शेवटच्या दोन आठवड्यांत नवे फेशियल, ब्लीच किंवा पील यांच्यापैकी काहीही नको, कारण त्याने चेहरा उठला तर तो बसायला वेळ उरत नाही.

आमच्या विहीणबाईंनी लग्नानंतर हा मास्क आपल्याला हवा, असे आत्ताच सांगून ठेवले आहे. त्या रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइडची गोळी घेतात. या गोळीने त्वचा प्रकाशाला हळवी होऊ शकते आणि अशी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, असे मास्कच्या पत्रकातही लिहिले आहे. तेव्हा मास्क त्यांच्याकडे जाईल, पण त्यांच्या डॉक्टरांची परवानगी आल्यावर.