जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारावा का?

“वाड्याचा चुन्याचा गिलावा गळून पडतोय. सगळा खरवडून सिमेंटचं प्लास्टर मारू का?” दिवाळीनंतर दुरुस्तीची कामं निघाली की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नका मारू.

विटेची असो वा जांभ्याची, जुनी भिंत जमिनीतली ओल ओढतेच. जोत्यावर ओल अडवणारा थर तेव्हा सहसा घालत नसत. ती ओल चुन्यातून उडून जाते. वर सिमेंट आलं की वाट बंद. मग ओल आतल्या आत वर चढते, क्षार गिलाव्यामागे साचतात आणि काही पावसाळ्यांत परातीएवढा पापुद्रा विटेचं तोंड घेऊनच सुटतो. त्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप सुचवतात, तो तर उरलीसुरली वाटही बुजवतो.

गिलाव्याआधी बाहेर जाऊन जोतं बघा. पेव्हर ब्लॉक बसवताना भर टाकून ते अनेकदा बुजवलेलं असतं. बाहेरची जमीन घरातल्या फरशीपेक्षा निदान अर्धा फूट खाली हवी आणि उतार भिंतीपासून दूर. पन्हळ गळकी असेल तर तीही आधी.

सांध्यातला एक खडा वाटीभर पाण्यात टाका. तो विरघळून गाळ झाला तर बांधकाम मातीतलं, मग गिलावा मातीचा किंवा चुन्याचाच हवा. तसाच राहिला आणि नखाने खरवडता आला, तर चुना.

कळीचा चुना (भट्टीतून आलेला, पाणी न लागलेला) विरवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटते, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच. विरला की चाळून, वर पाणी ठेवून किमान 15 दिवस मुरवा. घाई केली तर न विरलेला खडा भिंतीत फुगतो आणि वाटाण्याएवढे खड्डे पडतात. प्रमाण: एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग चाळलेली नदीची वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांची घ्या. खाडीची वाळू आणलीत तर क्षार तुम्हीच विकत घेतलेत!

सांधे 15 मिमी खोल उकरा, ब्रशने झाडा, आदल्या दिवसापासून भिंत भिजवा. एका हाताला 10–12 मिमीच. जाड थर तडकतो. नंतर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. एकदम वाळला तर हाताला पीठ लागतं. इथेच गवंडी “लवकर धरेल” म्हणून मूठभर सिमेंट टाकू बघतो. टाकू देऊ नका.

रंग चुन्याचाच. प्लास्टिक इमल्शन लावलंत तर सिमेंट टाळून काय मिळवलं? आणि पहिला पावसाळा सरेपर्यंत कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.