मिसेस हडसनला कुणी विचारलं?

फॅनफिक, म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी, वाचायला बसले की मी आधी ‘पीओव्ही आउटसायडर’ (बाहेरच्याच्या नजरेतून) हा टॅग लावून शोधते. गोष्ट नायकाचीच, पण सांगणारा कुणी तिसराच. शेजारी, टॅक्सीवाला, नाहीतर रात्रपाळीची नर्स. त्याच्यासमोर कोण उभं आहे हे त्याला माहीत नसतं आणि आपल्याला पुरतं माहीत असतं. २०१९ साली ह्यूगो पुरस्कार मिळालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या संकेतस्थळावर असल्या गोष्टींचा खच पडलाय, आणि मी त्या रात्र रात्र जागून वाचते.

सगळ्यात जास्त वाचते ते शेरलॉक होम्सवरचं. आता कुणी म्हणेल, तिथे होम्सचा मित्र डॉ. वॉटसन आहेच की सांगायला. मूळ ६० गोष्टींपैकी चार सोडल्या तर सगळ्या तोच सांगतो. पण वॉटसन होम्सवर इतका लुब्ध आहे की त्याला बाहेरचा म्हणवत नाही. खरी बाहेरची माणसं त्याच जिन्यावर उभी आहेत, आणि त्यात पहिली होम्सची घरमालकीण, मिसेस हडसन.

होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल. त्यानं तिला काय दिलं? चेहरा नाही, वय नाही, आणि नवरा होता की वारला याचा पत्ता नाही. पहिल्या कादंबरीत तर ती नुसती ‘घरमालकीण’ आहे. एका कथेत घरमालकिणीचं नाव चक्क मिसेस टर्नर पडलंय. पण तिच्या घरात काय चालतं ते मात्र तपशीलवार आहे. होम्स खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनी व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं उमटवतो. तंबाखू पर्शियन सपातेत ठेवतो. उत्तर द्यायची राहिलेली पत्रं चाकूनं मँटलपीसच्या, म्हणजे शेकोटीवरच्या फळीच्या, लाकडात खुपसतो. वॉटसन हे सगळं कौतुकानं लिहितो. भिंत कुणाची, लाकूड कुणाचं?

होम्स भाडं सढळ हातानं द्यायचा हे वॉटसननं नमूद केलंय, आणि ती त्याला मानायची हेही. मला दोन्ही पटतं. तरी ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ ही कथा वाचताना दर वेळी माझा जीव तुटतो. तीन दिवस होम्सच्या पोटात अन्नपाणी नाही, तो मरायला टेकलाय, म्हणून बाई वॉटसनच्या घरी येते. आजार खोटा असतो, एका गुन्हेगाराला जाळ्यात ओढण्यासाठी. शेवटी होम्स वॉटसनला नीट समजावून सांगतो, की मिसेस हडसनला खरं वाटणं गरजेचं होतं, कारण निरोप तिच्याकरवी जायचा होता. ‘रागावला नाहीस ना?’ हा प्रश्न वॉटसनच्या वाट्याला येतो. तिला कुणी काही विचारल्याचं त्या कथेत कुठेही नाही.

हे मी एकदा माझ्या आत्याला सांगितलं. तिनं वर्षानुवर्षं सदाशिव पेठेत वरच्या खोल्या शिकणाऱ्या मुलांना दिल्या होत्या. ती म्हणाली, “अगं, पोरगं आजारी आहे हे डॉक्टरच्या आधी आपल्याला कळतं. ताट कसं खाली येतं त्यावरून.” तिला मुलांच्या परीक्षा, प्रेमं, भांडणं काही माहीत नसायचं. पण पावलं आणि ताटं तिला पाठ होती. बाहेरच्याच्या नजरेतून लिहायचं तर नेमकं हेच हवं. पुष्कळ लेखक इथेच घसरतात. त्यांचा शेजारी नायकाकडे बघून भारावण्यापुरताच उरतो, त्याला स्वतःचं दुखणं-खुपणं नसतं, घाई नसते. असली गोष्ट मी दुसऱ्या परिच्छेदात बंद करते.

मी स्वतः गोष्ट लिहिली ती १८९१ ते १८९४ या काळातली. जगाच्या लेखी होम्स मेलाय. तो जिवंत आहे हे फक्त त्याच्या भावाला, मायक्रॉफ्टला ठाऊक. खोल्या जशाच्या तशा ठेवायच्या, एवढंच बाईला सांगितलेलं. होम्स परततो तेव्हा वॉटसनला सगळं जागच्या जागी दिसतं, फक्त पूर्वी कधी नव्हता असा टापटीपपणा. त्या एका उल्लेखातून मला माझी गोष्ट मिळाली. तीन वर्षं ती बाई मेलेल्या भाडेकरूची सपात उचलते, खालची धूळ पुसते आणि पुन्हा तिथेच ठेवते. का ठेवते हे मी तिच्या तोंडून वदवलं नाही.

मग तो येतो. दुपारी त्याला दारात बघून ती किंचाळत सुटते. आणि त्याच रात्री, समोरच्या घरातून मारेकऱ्याची एअरगन रोखलेली असताना, आमिष म्हणून ठेवलेला होम्सचा मेणाचा पुतळा दर पाव तासाला हलवायला ती खिडकीपाशी गुडघ्यांवर रांगत जाते. गालिच्यावर पडलेली गोळीही तीच उचलून त्याच्या हातात देते. अर्ध्या दिवसात हे सगळं! डॉयलनं ते दोन-चार वाक्यांत उरकलं. मी त्यावर पानंच्या पानं लिहिली आणि तरी पुरं झालं असं वाटत नाही.

आता विगिन्सच्या टोळीतलं, म्हणजे होम्ससाठी शोधाशोध करणाऱ्या रस्त्यावरच्या पोरांतलं, एखादं पोर घ्यायचंय. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये ती अनवाणी पोरं दणदणत जिना चढतात, बाई खालून ओरडते, आणि होम्स फर्मावतो की यापुढे एकट्या विगिन्सनं वर यायचं. प्रत्येकाला दिवसाचा एक शिलिंग आगाऊ, गुन्हेगारांची बोट शोधणाऱ्याला एक गिनी (२१ शिलिंग). पोरं थेम्सचे दोन्ही काठ धुंडाळतात. बोट शेवटी होम्सलाच सापडते. त्या गिनीकडे डोळे लावून बसलेल्या पोराला हे कुणी जाऊन सांगितलं असेल?