पिशवी टेबलावर रिकामी करा म्हटलं

मी बेरिअॅट्रिक ओपीडीत डाएटिशियन आहे, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या लोकांचं पुढचं खाणंपिणं बघणं हे माझं काम. ऑपरेशन सर्जन दोनेक तासात उरकतात आणि नंतरचं आयुष्यभराचं जेवण आमच्या गळ्यात, हे मी सर्जनच्या तोंडावर पण बोलते, ते नुसते हसतात.

त्या दिवशी आलेले गृहस्थ पंचेचाळिशीचे, सोबत बायको. स्लीव्ह, म्हणजे पोटाचा बराचसा भाग कापून टाकायचं ऑपरेशन, झालेलं १४ महिन्यांपूर्वी, दुसरीकडे कुठेतरी, आणि तिथून हातात मिळालेला कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला एक डाएट चार्ट, पहिल्या दोन महिन्यांचा, त्यापुढे काहीच नाही. ऑपरेशनच्या वेळी वजन १२८, सगळ्यात खाली आलं ते ८९ आणि माझ्याकडच्या काट्यावर ९५. थोडं वजन परत येणं तसं बऱ्याच जणांचं होतं, सर्वात कमी वजन साधारण वर्ष-दीड वर्षाला येतं आणि मग काटा थोडा वर सरकतो, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण यांचे ६ किलो काही महिन्यात चढलेले आणि केस अजून गळत होते. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतातच, मग थांबतात, म्हणून तेव्हा मी पेशंटला धीर देते. चौदाव्या महिन्यात पण मूठ मूठ केस जातायत म्हटल्यावर मात्र धीर देत बसायचं नसतं, रिपोर्ट बघायचे असतात. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, ३.२, जे ३.५ च्या वर हवं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला. जिना चढताना मांड्या भरून येतात म्हणाले.

"मॅडम, हे काही खातच नाहीत हो," बायको म्हणाली. "ताटावर बसले की दोन घास घेतात आणि उठतात. मग वजन वाढतंय कसं तुम्हीच सांगा."

ते फोनमध्ये बघत बसलेले. मी विचारलं प्रोटीन किती जातं रोज, तर लगेच मान वर, अगदी उत्साहात, "८० च्या खाली नाही मॅडम, मी लिहून ठेवतो ना." आणि फोन माझ्यासमोर धरला. खरंच लिहिलेलं होतं, तारखेसकट, ८०, ७८, ८५, माणूस हिशोबाला एकदम पक्का. त्यांच्या उंचीच्या माणसाचं योग्य वजन धरलं तर ७० ते ८५ ग्रॅम प्रोटीन हवंच, कमीत कमी ६० तरी, म्हणजे नोंदींप्रमाणे सगळं ठीक आणि रक्त सांगतंय की काहीच ठीक नाही. आता रक्त तर खोटं बोलत नाही. आणि यांच्याकडे बघून हे पण खोटं बोलतायत असं वाटेना.

म्हटलं आज दिवसभरात जे खाणार आहात त्यातलं काही सोबत आहे का? तर म्हणे सगळंच आहे, इथून पुढे ऑफिसलाच जायचंय. मग म्हटलं पिशवी टेबलावर रिकामी करा.

जरा लाजले, पण केली. एक प्रोटीन बार, बदाम-काजूची डबी, क्रीमची सहा बिस्किटं एका छोट्या पिशवीत गुंडाळून, चिप्सचं पाकीट ज्यावर मोठ्या अक्षरात हाय प्रोटीन, कोलॅजन पावडरचं सॅशे, ज्यूसचा टेट्रापॅक. वर तीन कप कॉफी ऑफिसच्या मशीनची, दूध साखर घातलेली. बायको टेबलाकडे बघतच राहिली, ती म्हणत होती ते खरंच होतं, ताटावर ते दोनच घास खात होते.

मी टेबलावर छोटा डिजिटल काटा ठेवते. डबी मोजली, ४० ग्रॅम बदाम-काजू. विचारलं याचं प्रोटीन किती लिहिता? "४०." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं, ४० ग्रॅम वजन म्हणजे ४० ग्रॅम प्रोटीन असं ते वर्षभर लिहीत होते. हसू नका, हे वाटतं त्यापेक्षा खूप कॉमन आहे, चांगले शिकलेले लोक करतात, कारण आम्हीच सांगताना "८० ग्रॅम प्रोटीन घ्या" एवढंच म्हणून मोकळे होतो. ४० ग्रॅम बदाम-काजूत प्रोटीन असतं जेमतेम ८ ग्रॅम आणि कॅलरी २४० च्या आसपास, कारण त्यात निम्मं तर तेलच असतं. अंड्यात ६ ग्रॅम, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २७ च्या पुढे, कपभर दुधात ८, असे आकडे डोक्यात असले की फसायला होत नाही.

कोलॅजनच्या सॅशेवर १० ग्रॅम प्रोटीन छापलेलं आणि ते छापलेलं खरं पण आहे, फक्त कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो अॅसिड नसतंच, त्यामुळे शरीर बांधायच्या हिशोबात ते पूर्ण प्रोटीन धरत नाहीत. केस गळतात म्हणून ते घेत होते बिचारे. चिप्समध्ये पाकिटाला ३ ग्रॅम. हाय प्रोटीन कशाच्या तुलनेत ते त्या कंपनीलाच माहीत, माझं या शब्दाशी जुनं भांडण आहे. बारमध्ये प्रोटीन १० आणि साखर १७, म्हणजे चॉकलेटच की ते, फक्त कव्हर जिमवाल्याचं. कॉफीच्या कपात दूध थोडंच, तीन कपांचं मिळून ७ ग्रॅम आणि हे लिहीत होते १५.

बिस्किटं, ज्यूस आणि रात्रीचं वाटीभर सूप धरून बेरीज केली तर प्रोटीन ३७ आणि कॅलरी जवळजवळ १५००. आणि रात्री टीव्हीसमोर? तर खाली बघून म्हणाले, आइस्क्रीम, रोज नाही. म्हणजे रोज.

आता यात स्लीव्हची गंमत अशी की पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याएवढी नळी, त्यात एका वेळी मावतं कमी. पण मावतं कमी ते कशाचं, तर घट्ट आणि चावून खायच्या पदार्थांचं. बिस्किट, चिप्स, आइस्क्रीम तोंडातच विरघळतं आणि नळीतून सरळ खाली घसरतं, पोट भरलं असं वाटतच नाही, अर्ध्या तासाने परत जागा तयार. आमच्याकडे याला स्लायडर फूड म्हणतात. बायपासवाल्यांना (हृदयाचं नाही, पोट छोटं करून आतड्याचा रस्ता वळवतात ते ऑपरेशन) निदान गोड जास्त झालं की डंपिंग होतं, घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब, म्हणजे शरीरच दटावतं. स्लीव्हवाल्यांना ते होतं पण कमी जणांना, यांना तर अजिबात नव्हतं. त्यात भुकेचं हार्मोन घ्रेलिन मुख्यतः पोटाच्या ज्या भागात बनतं तोच भाग कापलेला, त्यामुळे पहिले काही महिने भूकच नसते आणि लोकांना वाटतं आपण जिंकलो. मग वर्षभराने भूक हळूहळू परत यायला लागते तेव्हा हाताशी जे असेल ते तोंडात जातं.

एवढं सगळं सांगून "स्नॅक्स बंद, प्रोटीन वाढवा" असं लिहून मी त्यांना पाठवू शकले असते. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना, की जो माणूस वर्षभर रोज हिशोब लिहितो तो ताटावरून दोन घासात का उठतो. म्हणून विचारलं, शेवटचं चिकन कधी खाल्लं? गप्प. मग बायको काही कामाला बाहेर गेल्यावर बोलले. तिसऱ्या महिन्यात एका घरगुती कार्यक्रमात सगळ्यांबरोबर जेवायला बसले होते, चिकनचा कोरडा तुकडा घाईत गिळला, तो अडकला. छातीत असं दुखलं की वाटलं हार्ट अॅटॅक, मग तोंडातून नुसता फेस आणि लाळ, बाथरूमपर्यंत पण पोचले नाहीत, सगळ्या नातेवाइकांसमोर. त्यानंतर चिकन नाही, अंडं नाही, मासे नाहीत, घट्ट काहीच नाही. घरी सांगितलं भूक नाही म्हणून. जे अडकत नाही तेच खायचं, आणि जे अडकत नाही ते सगळं टेबलावर मांडलेलं होतं.

आधी सर्जनला फोन केला, कारण असं अडकण्यामागे कधी नळी खरंच अरुंद झालेली असते आणि तिथे माझं शहाणपण उपयोगाचं नाही. पण अॅसिडिटीसाठी महिनाभरापूर्वीच एंडोस्कोपी झालेली होती, रस्ता मोकळा. सर्जन म्हणाले खाऊ घाल खुशाल.

कँटीनमधून एक उकडलेलं अंडं मागवलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पहिला घास तोडला तो जवळजवळ पाव अंड्याचा, दोनदा चावला आणि पाण्याच्या बाटलीकडे हात. तिथेच थांबवलं. १२८ किलोचे असताना जसं खायचे तसंच अजून खात होते, पोट बदललं पण तोंड तेच राहिलं, आणि ते बदलायचं कुणी शिकवलंच नव्हतं त्यांना. पाणी बाजूला ठेवलं, खाताना नाही आणि नंतर अर्धा तास नाही. अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे केले, थोडं दही लावून ओलं केलं, एक तुकडा तोंडात, अगदी लापशी होईपर्यंत चावायचा, गिळल्यावर चमचा खाली ठेवायचा आणि थोडं थांबून मग दुसरा. मी समोर बसून राहिले. बाहेर पेशंट खोळंबले होते आणि नर्स दोनदा डोकावून गेली.

पाऊण अंडं झालं वीसेक मिनिटात आणि त्यांना सटासट दोन शिंका आल्या, नाक वाहायला लागलं. सॉरी म्हणाले, जेवताना मला नेहमी सर्दी होते. म्हटलं ठेवा चमचा खाली, ही सर्दी नाही, तुमचं पोट भरलंय! ऑपरेशननंतर पोट भरल्याची खूण कित्येक जणांची बदलते, कुणाला उचकी, कुणाला शिंक, कुणाचं नाक वाहतं, कुणाला छातीच्या मधोमध दाब. ती खूण आली की थांबायचं, त्यापुढचा एक घास म्हणजे उलटी. हे ऐकून ते माझ्याकडे असे बघत राहिले, म्हणाले मी गेले वर्षभर अॅलर्जीची गोळी खातोय.

नंतर त्यांना रक्त द्यायचं होतं, फिजिशियनकडे नंबर होता, सगळं मिळून अडीच तास गेले. परत आले तेव्हा विचारलं मधे काही खाल्लं का, पिशवी तर जवळच होती. नाही म्हणाले. मग स्वतःच दचकल्यासारखे झाले, "अहो, मला आठवलंच नाही." बायको म्हणाली हे पहिल्यांदाच ऐकतेय, घरी दर अर्ध्या तासाला किचनमध्ये फेरी असते यांची.

मग प्लॅन लिहिला. दिवसात तीन जेवणं आणि दोन स्नॅक, वेळ ठरलेली, स्नॅक पण बसून, पिशवीतून किंवा खिशातून नाही. ताटात आधी प्रोटीन संपवायचं मग बाकीचं. सुरुवात मऊ आणि ओल्या गोष्टींनी, अंडं, मासे, घट्ट दही, टोफू, नीट शिजलेली कडधान्यं, चिकन खायचं तर खिमा आणि तो रश्श्यात. रक्तातलं अल्ब्युमिन वर येईपर्यंत रोज एक स्कूप व्हे, म्हणजे दुधापासून काढलेली प्रोटीन पावडर, पण जेवणाऐवजी नाही, कारण पातळ प्रोटीन पण पटकन खाली जातं आणि भूक धरून ठेवत नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर, ते दोन्ही एकदम घेत होते आणि वर कॉफी, मग फेरिटिन कुठून चढणार. आणि आमच्या सायकॉलॉजिस्टकडे एक अपॉइंटमेंट, तिला मात्र नाही म्हणाले. मी आग्रह केला नाही, फक्त कागदावर खाली लिहून ठेवलं.

तीन महिन्यांनी आले तेव्हा वजन ९२, अल्ब्युमिन ३.७, केस गळायचे कमी झालेले पण थांबलेले नव्हते, त्याला वेळ लागतो. चिकनचा खिमा जातोय, अख्खा तुकडा अजून नको म्हणाले. आइस्क्रीम आठवड्यातून दोनदा, असं ते म्हणतात, बायको म्हणते तीनदा, आणि यावरून दोघं माझ्यासमोर चांगलीच भांडली. नोंदी चालूच आहेत, आता त्यात दोन रकाने, एक पदार्थाचं वजन आणि दुसरा त्यातलं प्रोटीन. प्रोटीन बार काही सुटलेला नाही, चार वाजता अर्धा खातो म्हणाले. मी म्हटलं खा. आणि सायकॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट या वेळी त्यांनीच स्वतःहून मागितली, पुढच्या गुरुवारची.