गिरणी कामगाराचं आयुष्य कागदांवरून मांडताना

मुंबईच्या गिरणगावातल्या माणसाची हकिगत लिहायची म्हटली की बहुतेक जण १९८२च्या संपापासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. साच्यावर (मागावर) कायम असलेला आणि दुसऱ्याच्या जागी बदलीवर राबणारा, या दोघांना तो संप सारखा भोगावा लागला नाही. म्हणून आधी कागद काढावेत: गिरणीचा लाल पास, कामगाराचा तिकीट नंबर, पगारपावत्या, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पीएफच्या चिठ्ठ्या.

तारखांना मात्र लगेच भुलू नये. जन्मतारीख १ जून दिसली तर ती बहुधा शाळेत नाव घालताना अंदाजाने टाकलेली असते. गावाकडच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावी. त्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, तेव्हा वाचणारा गाठावा लागतो. पीएफचं तसंच. ती योजनाच १९५२ची. त्या साली सभासद झालेला माणूस कदाचित त्याच्या कितीतरी आधीपासून गिरणीत जात असेल.

खरी मेख बदलीत आहे. बदलीवाल्याने पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचं, कुणी गैरहजर असला तरच काम, आणि भरेल तेवढ्याच दिवसांचा पगार. पूर्वी कुणाला आत घ्यायचं हे जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, ठरवायचा, त्यासाठी त्याला दस्तुरी (लाच) द्यावी लागायची. त्याचा हा हात आखडावा म्हणून १९३५ साली गिरणी मालक संघाने बदली कार्डं आणली. पगारपावत्या सापडल्या तर एकेका वर्षाचे भरलेले दिवस बेरजेला घ्या. ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेच्या, १९७२च्या कायद्यात २४० दिवस भरले की ते वर्ष सलग नोकरीचं धरत. दहा-बारा वर्षं दारात उभं राहूनही वर्षं का भरली नाहीत, ते या बेरजेत दिसतं.

ग्रॅच्युइटीचा आकडा हाती असेल तर उलटा हिशेब मांडता येतो. शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, म्हणजे एका वर्षाचे पैसे. त्याने मिळालेल्या रकमेला भागलं की धरलेली वर्षं निघतात. रुजू झाल्यापासूनच्या वर्षांपेक्षा ती कमी भरली, तर मधला खंड कुठला ते घरच्यांना विचारावं.

घरचे म्हणतील, "संपात नोकरी गेली." कुठला संप? १९५०चा ६३ दिवस चालला. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता दुसऱ्या युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती, त्यामुळे संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्याशी बोलायला मालक तयारच नव्हते, आणि कितीतरी जणांना परत कामावर घेतलं गेलं नाही. अशा वेळी मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले बघावेत. मुंबईतल्या शाळेतून नाव कधी काढलं आणि गावच्या शाळेत कधी घातलं, या दोन तारखांवरून बिऱ्हाड कधी हललं ते कळतं. दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाचाही रकाना असतो, तो जरूर वाचावा.