फोर व्हील टाकली की ठाक!

जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेला आमची काजूची बाग आहे. डांबरी सोडली की तांबड्या मातीची कच्ची वाट आणि शेवटी एक उभी चढण. पावसाळ्यात फोर व्हीलशिवाय तिथं गाडी चढत नाही. मलप्रभेच्या उगमाकडचा तो भाग, तिथला पाऊस बेळगावकरांना वेगळा सांगायला नको.

गेल्या जुलैत खताची पोती भरली, फोर-हाय (चारही चाकांना जोर) टाकलं आणि चढणीला लागलो. निम्म्यावर गाडीखालून ‘ठाक!’ असा आवाज आला आणि पुढची चाकं ओढायची थांबली. पुन्हा रेस दिली, पुन्हा ठाक, ठाक. बसलेल्या जागी पायाला हादरा जाणवला. गाडी उलटी खाली घेतली आणि पोती डोक्यावरून वर नेली.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी न चालवताच निदान झालं : पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारे गिअर) गेलंय, उतरवूया. मला याचा राग आला आणि तो अजूनही आहे. माणूस मोठ्या खर्चात पडणार असेल, तर आधी निदान एक फेरी तरी मारून बघायला हवी.

मग खानापूरच्या एका जुन्या मेस्त्रीमामांकडं गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवली. टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) एकदम शांत. म्हणजे गिअरबॉक्स, मागचा शाफ्ट आणि मागचं डिफरन्शियल यांच्यावरचा संशय गेला. चिखलाच्या चढावर फोर-हाय टाकलं, तर जोर लावला की ठाक, पाय सोडला की गप्प. राहिले चार संशयित : ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टांना जोर देणारी पेटी), पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (त्या पेटीतून पुढं जोर नेणारा), पुढचं डिफरन्शियल आणि हब (पुढची चाकं जोराला जोडणारे).

गॅरेजमध्ये पुढची चाकं घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलली, मागच्या चाकांना दगड लावले. हब लॉक करून टू-हायमध्ये पुढचा शाफ्ट हातानं फिरवला. दोन्ही चाकं बरोबर फिरली, खरखर नाही, अडकणं नाही, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसलाही लूज नाही. मग इंजिन बंदच ठेवून फोर-हाय टाकलं. आता पुढचा शाफ्ट मागच्याशी जखडलेला असायला हवा. तो चांगला दोन बोटं हलला आणि मगच अडला. मागच्या शाफ्टला तेवढा लूज नव्हता. “दुखणं पेटीतच हाय,” मामा म्हणाले.

तरी पेटी लगेच उघडली नाही. आधी ऑइल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या भुकटीचा पातळ लेप बसतो, ती नेहमीची झीज. आमच्या प्लगवर त्या लेपात चकचकीत बारीक कपचे होते. ते बघून मी स्वतःच म्हटलं, उघडा.

पुढच्या शाफ्टला जोर देणारी आतली चेन ताणून लांबलेली होती. नव्या चेनशेजारी आडवी धरली तर ही धनुष्यासारखी वाकली. ती ज्यांवर फिरते त्या स्प्रॉकेटच्या दातांची टोकं झिजलेली, आणि पेटीच्या आतल्या भिंतीवर चेन घासल्याच्या ताज्या खुणा. जोर आला की ढिली चेन दातांवरून उडी मारायची, तोच तो ठाक. टू-हायमध्ये तिच्यावर भार येत नाही, म्हणून तेव्हा आवाज नाही.

मी सुटलो असं वाटलं, पण मामा खडू घेऊन टायरांकडं गेले. उन्हाळ्यात खर्च वाचवायला मी मागचे दोनच टायर नवे घातले होते. टायरवर आणि फरशीवर रेघ मारून गाडी एक पूर्ण फेरी ढकलली आणि टेप लावली. मागं २१५ सेंटिमीटर, पुढं २१२. म्हणजे एका किलोमीटरला पुढच्या चाकांच्या साडेसहा फेऱ्या जास्त. आमच्या गाडीत फोर-हाय टाकलं की पुढचे-मागचे शाफ्ट एकत्र बांधले जातात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि फरक निघून जातो. डांबरीवर तो निघायला जागा नाही, सगळा ताण चेनवर येतो. वळणावर तर सारखे टायर असले तरी ताण भरतोच, कारण पुढची चाकं मोठ्या घेरानं फिरतात.

मला चटकन आठवलं. बागेतून परतताना डांबरीवरही जांबोटी येईपर्यंत फोर व्हीलचा दांडा फोर-हायमध्येच राहायचा. मागं घ्यायला गेलं तर हलायचा नाही, गाडी चार हात रिव्हर्स घेतली की सुटायचा. दोन पावसाळे मी दांड्याचं लिंकेज (जोडणी) गंजलंय असं समजून त्यावर ऑइल सोडत होतो. तो ताण होता, आणि गाडी मला तेव्हापासून सांगत होती.

“चेन घालून देतो की,” मामा म्हणाले, “पण टायर असेच ठेवलास तर परत माझ्याकडंच येशील बघ.”

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बेळगावातून आणली, सील नवी घातली, ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच भरलं. पुढचे टायरही बदलले. हा खर्च मनाविरुद्ध होता, पण केला. ऑगस्टमध्ये त्याच चढणीवर भरलेली गाडी आवाज न करता चढली. डांबरी लागली की दांडा टू-हायला घेतो, आता तो दोन बोटांनी येतो. हजार किलोमीटरनंतर ऑइल काढून प्लग बघितला. चुंबकावर नुसता करडा लेप होता, कपचा एकही नाही.