नदीला उपसाबंदी, बोअरला मोकळं रान

उन्हाळ्यात पाटबंधारे खात्याची उपसाबंदीची, म्हणजे नदीतून मोटरनं पाणी उचलायच्या बंदीची, नोटीस लागली की माझा फोन तापतो. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातल्या, नदीचं पाणी शेताला देणाऱ्या एका पाणी संस्थेचा मी सचिव. "किती दिवस बंद? माझी पाळी कधी?" ऊस वाळायला लागला की माणूस सचिवाच्या खानदानापर्यंत जातो. पण बंदी पाळली जाते. मोटर काठावर उघडी असते, आवाज लपत नाही. बरगे, म्हणजे फळ्या, घालून बंधाऱ्यात अडवलेलं पाणी जरा उतरलं तरी कुणी ओढलं हे गावाला कळतं. खात्याची गाडी नंतर, आधी शेजारीच भांडायला येतो.

बोअरचं तसं नाही. गाडी संध्याकाळी येते, रात्रभर धुरळा उडवते, सकाळी पाइप गुंडाळून पसार. किती फूट मारली, हे मालकाला आणि गाडीवाल्यालाच ठाऊक.

आता यालाही कायदा आहे. विधिमंडळानं २००९ मध्ये भूजल कायदा केला, राष्ट्रपतींची संमती मिळेपर्यंत २०१३ उजाडलं. साठ मीटर किंवा त्याहून खोल ती 'खोल विहीर'. म्हणजे आपल्या हिशेबानं दोनशे फूट. अधिसूचित, म्हणजे सरकारी अधिसूचना काढून जाहीर केलेल्या, क्षेत्रात शेतीला, कारखान्याला अशी नवी विहीर घ्यायला मनाई. विहिरींची नोंदणी, बोअरच्या गाड्यांचीही नोंदणी. वाचायला झकास. मेख 'अधिसूचित' या शब्दात आहे. क्षेत्र अधिसूचितच नसेल तर ही मनाई लागू होणार कुठं?

आमच्या आबांना मी हे समजावत होतो. ते म्हणाले, "दोनशेच्या खाली जायचं न्हाई व्हय? मग पाण्यालाच सांग की वर ये म्हणून."

हसण्यावारी नेलं, पण दुखणं तिथंच आहे. नदीवर बंदी आली की त्याच आठवड्यात बोअरवाल्याची चौकशी वाढते. म्हणजे एका कायद्याचा दाब दुसऱ्या कायद्याच्या भोकातून बाहेर पडतो. नदी एका खात्याची, भूजल दुसऱ्याचं, आणि ऊस तर कुणाचाच नाही, किंवा सगळ्यांचाच. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातही उसासारख्या बारमाही पिकाला ठिबक, तुषार अशा पाणी वाचवणाऱ्या सिंचनाची अट आहे. तीही पुन्हा अधिसूचित क्षेत्रापुरतीच.

कोल्हापूर म्हणजे पाणीच पाणी, असं बाहेरच्यांना वाटतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा हातकणंगले आणि गडहिंग्लज होता, हे फार जणांना ठाऊक नाही.

वरून कुणी करेल याची वाट बघायची नाही, असं ठरवून मी सर्वसाधारण सभेत विषय मांडला: नदीवरचा नवा परवाना मागणाऱ्यानं आधी आपल्या बोअरची खोली संस्थेत नोंदवावी. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग विषय पुढच्या सभेवर ढकलण्याची सूचना आली. अनुमोदन आबांचं.